पाणबुडीची हॅच गळते ती उथळ पाण्यात: घरी बांधलेल्या पाणबुडीसाठी ओ-रिंग निवडताना

कुकर गॅसवर चढवला की पहिली दोन-तीन मिनिटं झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसते, एखादा थेंब ओघळतो. मग आतला दाब वाढतो, झाकण आपलं आपण घट्ट बसतं आणि फुसफुस थांबते. ज्या कुकरचं झाकण आत घालून वर ओढून लावतात, त्यात हे अगदी स्पष्ट दिसतं, कारण तिथे वाफच झाकणाला कडेवर दाबून धरते. पाणबुडीची हॅच, म्हणजे माणसाने आत-बाहेर करायचं झाकणाचं तोंड, समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. फक्त दिशा उलटी करायची. पाणबुडीत दाब बाहेरून येतो, पाण्याचा, आणि तो झाकणाला खालच्या बैठकीवर दाबतो.

खोल गेलं की हॅच गळेल, ही नवख्यांची पहिली भीती. पण खोल पाण्यात हॅच मिटवायला कुणी लागत नाही, पाणीच मिटवतं. गळती होते ती अर्ध्या मीटरवर, धक्क्याला बांधलेलं असताना, लाट अंगावरून जाताना. पाणी आहे, पण झाकण दाबण्याइतका दाब नाही, अशा जागी. झाकणाखालची फट भरणारी गोल रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, तिची जाडी, रबराचा कडकपणा, बिजागरी, झाकण आवळणारे क्लॅम्प, सगळे निर्णय या एका गोष्टीभोवती फिरतात.

मी आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलं, आधी भोसरीला आणि नंतर अमेरिकेत मिशिगनला. तिथे एका मित्राने गॅरेजमध्ये एका माणसापुरती पाणबुडी बांधायला घेतली आणि हॅच माझ्या वाट्याला आली. अमेरिकेत हा छंद जुना आहे. नौदलातून निवृत्त झालेले पाणबुडी अधिकारी जॉर्ज किट्रेज यांनी मेन राज्यात के-२५० नावाची एका माणसापुरती पाणबुडी तयार केली आणि तिचे आराखडे घरी बांधणाऱ्यांना विकले. नावातला आकडा तिची खोली सांगतो, २५० फूट, म्हणजे साधारण ७५ मीटर. मी पुढे जे लिहितोय ते याच वर्गातल्या, पोलादी कवचाच्या, उथळ जाणाऱ्या पाणबुडीसाठी. कवचाची जाडी, खिडक्या आणि वेल्ड यांचं गणित जाणकार अभियंत्याकडून तपासून घेतलेलं आहे असं मी धरून चालतो. ते नसेल तर हॅचपर्यंत यायचंच नाही.

पायरी १: हॅचवर किती भार येतो ते काढा

आमचं भोक ५०० मिलिमीटरचं होतं. खांदे तिरके करून माणूस जातो. ओ-रिंग बसते त्या वर्तुळाचा व्यास साधारण ५५० मिलिमीटर. पाण्याचा दाब या पूर्ण वर्तुळावर पडतो. एक मीटर खोलीवर तो भार होतो साधारण २४० किलो, १० मीटरवर २.४ टन आणि ७५ मीटरवर १८ टन. समुद्राचं पाणी थोडं जड, तलावाचं थोडं हलकं, पण फरक अडीच टक्क्यांचा आहे, इथे तो सोडून दिला तरी चालेल.

हे दोन आकडे, २४० किलो आणि १८ टन, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा. १८ टन रबराने पेलायचे नसतात. ते झाकणाच्या धातूवरून बैठकीच्या धातूवर उतरले पाहिजेत. म्हणून रिंग खाचेत बसते, वर्कशॉपमध्ये जिला ग्रूव्ह म्हणतात, आणि झाकण पूर्ण बसलं की धातूला धातू टेकतो. रिंगचं काम फक्त फट भरण्याचं. काही जण खाच टाळून सपाट रबरी पट्टी चिकटवतात. पेटीच्या झाकणाला ते चालेल. इथे त्या पट्टीवर पूर्ण भार येतो, ती बाजूला पसरते, आणि प्रत्येक बुडीनंतर थोडी जास्त पसरते.

झाकण बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं, हे वेगळं सांगायला नको. आत उघडणाऱ्या झाकणाला पाणी उघडायला मदत करतं.

पायरी २: रिंगची जाडी

ओ-रिंग घेताना दोन मापं सांगायची असतात, आतला व्यास आणि रबराच्या दोरीची जाडी. जाड्या ठरलेल्या असतात. अमेरिकन एएस ५६८ मानकात त्या १.७८, २.६२, ३.५३, ५.३३ आणि ६.९९ मिलिमीटर अशा आहेत. जपानी जिस मानकाच्या रिंगाही बाजारात मिळतात, त्यात ५.७ आणि ८.४ अशा जाड्या आहेत. दुकानात दोन्ही शेजारी टांगलेल्या असतात आणि नुसत्या डोळ्याला ५.३३ आणि ५.७ सारखेच दिसतात, तेव्हा माप घ्यायला व्हर्निअर खिशात ठेवा.

हॅचसाठी माझं मत पक्कं आहे: खाचेला जागा असेल तितकी जाड रिंग घ्या. कारण असं. अशा सपाट जोडात रिंग तिच्या जाडीच्या २० ते ३० टक्के दाबली जावी असा अंदाज धरतात. ५.३३ ची रिंग २५ टक्के दाबली म्हणजे १.३३ मिलिमीटर. आता समजा वेल्डिंगने बैठक वाकली आणि एका जागी अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली. तिथे रिंग उरली ०.८३ दाबलेली, म्हणजे साडेपंधरा टक्के. ६.९९ च्या रिंगला त्याच फटीवर १.२४ मिलिमीटर, म्हणजे जवळपास १८ टक्के दाब शिल्लक राहतो. ३.५३ च्या रिंगचं गणित तुम्हीच करून पाहा, उत्तर पाहून ती रिंग परत पुडीत ठेवाल. घरच्या वर्कशॉपमध्ये अर्धा मिलिमीटर चुकणं हे रोजचं आहे. जाड रिंग ते सांभाळून घेते.

आम्ही एएस ५६८ मधली ४७० क्रमांकाची रिंग घेतली. तिचा आतला व्यास ५३२.२६ आणि जाडी ६.९९. आधी रिंग ठरवली आणि मग तिच्यावरून खाच काढली. उलटं केलं, म्हणजे आधी खाच कापली आणि मग तिच्या मापाची रिंग शोधत फिरलो, तर हमखास अडकतो. या मालिकेतली सर्वांत मोठी रिंग ४७५, आतला व्यास ६५८.८८. तुमचं भोक त्याहून मोठं असेल तर मोठ्या मापाची रिंग साच्यातून करून घ्यावी लागते किंवा रबरी दोरी जोडावी लागते. दोरी जोडायची झालीच तर तिरका काप घेऊन कारखान्यात उष्णतेने व्हल्कनाइझ करून घ्या. झटपट गोंदाने चिकटवलेला जोड कडक होतो. दोरी दाबली जाते तिथे तो तेवढा दाबला जात नाही, आणि एक दिवस वाकवताना तडकतो. माणूस आत बसणार असेल तिथे मी तो वापरणार नाही.

पायरी ३: खाच

इथे घाई करू नका. गळक्या हॅचची रिंग लोक पुन्हा पुन्हा बदलतात, आणि दोष खाचेत निघतो.

पहिला प्रश्न, खाच कुठे, बैठकीत की झाकणात? बैठकीत खाच असली तर रिंग नीट पडून राहते, पण आत-बाहेर करताना बुटाची टाच तिच्यावर पडते, वाळू, पानाचा तुकडा, पाणी सगळं तिच्यात साठतं. झाकणात खाच असली तर रिंग स्वच्छ राहते, पण लटकते आणि नेमकी झाकण मिटताना सुटून खाली लोंबते. मी झाकणाच्या बाजूचा आहे. रिंग सुटू नये म्हणून खाचेच्या भिंती आत झुकवून पक्ष्याच्या शेपटीसारख्या आकाराची खाचही काढतात, वर्कशॉपमध्ये तिला डव्हटेल म्हणतात, पण तिला खास टूल लागतं आणि चूक झाली तर झाकण वाया जातं. आम्ही सरळ खाच काढली आणि रिंग किंचित ताणून आतल्या भिंतीवर चढवली. ती तिथे पकडून राहते.

याला दुसरंही कारण आहे. पाणी बाहेरून आत येऊ पाहतं, म्हणजे ते रिंगला केंद्राकडे ढकलतं. रिंग आधीपासून आतल्या भिंतीला टेकलेली असेल तर तिला सरकायला जागाच नाही. बाहेरच्या भिंतीला टेकलेली असेल तर पहिल्या दाबाला ती आत सरकते, आणि सरकता सरकता पाणी सोडते. आतून दाब असलेल्या टाकीचे तक्ते पाहून लोक बाहेरच्या भिंतीप्रमाणे रिंग निवडतात. पाणबुडीसाठी तो तक्ता उलटा वाचायचा.

ताण किती? दोन टक्क्यांच्या आत. आमच्या खाचेचा आतला व्यास ५४० ठेवला. ५३२.२६ ची रिंग ५४० वर चढली म्हणजे साधारण दीड टक्का ताणली गेली. ताणलेली रिंग थोडी बारीक होते, टक्केवारीत ताणाच्या निम्मी. दीड टक्क्याला एक दशांश मिलिमीटरही जात नाही. पाच टक्के ताणली तर मात्र रबर कायम तणावात राहतं आणि लवकर तडे धरतं.

खोली ५.२५ मिलिमीटर, म्हणजे रिंग पाव हिस्सा दाबली जाते. रुंदी ९. रुंदी जाडीपेक्षा इतकी जास्त का, असा प्रश्न टर्नरने मला विचारला होता, आणि तो रास्त आहे. रबर दाबलं की त्याचं आकारमान कमी होत नाही, ते फक्त बाजूला पसरतं. कणकेचा गोळा तळव्याने दाबल्यासारखं. त्याला पसरायला मोकळी जागा हवी. आमच्या रिंगच्या कापाचं क्षेत्रफळ ३८.४ चौरस मिलिमीटर आणि खाचेचं ४७.२५, म्हणजे खाच ८१ टक्के भरते. ८५ टक्क्यांच्या वर जाऊ नका. खाच अरुंद झाली तर रबर भरून उरतं, झाकण धातूला टेकतच नाही, आणि मग १८ टन परत रबरावर.

खाचेच्या वरच्या कडा हलक्या हाताने मोडा, अगदी पाव मिलिमीटर. धारदार कडा रिंग बसवतानाच तिला कापते आणि तो काप रिंग काढेपर्यंत दिसत नाही. खाचेचा तळ आणि समोरची बैठक दोन्ही लेथवर फेसिंग करून, म्हणजे तोंड सपाट कापून, गुळगुळीत हवेत, खडबडीतपणा १.६ मायक्रॉनच्या आसपास. टूलच्या खुणा गोल गोल, रिंगच्या दिशेने राहिल्या तर त्या त्रास देत नाहीत. त्यांना आडवी, आतून बाहेर जाणारी एक ओरखडी मात्र पाण्याची पन्हळ होते. म्हणून शेवटी एमरी पेपर मारायचा मोह झाला तर तो गोल फिरवूनच मारा. बैठकीला रंग लावू नका. रंगाचा पोपडा निघाला की तिथे फट तयार. आम्ही साध्या पोलादाच्या गळ्यावर, म्हणजे कवचातून वर आलेल्या हॅचच्या नळकांड्यावर, स्टेनलेसचं गोल कडं वेल्ड करून बैठक केली. समुद्रात ३१६ जातीचं स्टेनलेसही रिंगखालच्या अरुंद जागेत खड्डे धरतं, तेव्हा प्रत्येक हंगामात तिथे नखाने चाचपून पाहायचं.

आणि सर्वांत महत्त्वाचं: आधी सगळं वेल्डिंग पुरं करा, मग बैठक मशीनवर घ्या. आधी सुंदर फेसिंग करून मग गळा कवचाला वेल्ड केला तर बैठक बटाट्याच्या वेफरसारखी वळते. मोठं कवच लेथवर चढत नाही, हे खरं. तेव्हा जागच्या जागी फिरणारं छोटं फेसिंग यंत्र भाड्याने आणावं लागतं. तो खर्च टाळू नका.

खाच जमली की नाही हे कणीक सांगते. रिंग न बसवता खाचेत आठ ठिकाणी घट्ट कणकेच्या गोळ्या प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून ठेवा, झाकण पूर्ण दाबून मिटवा, उघडा आणि प्रत्येक गोळीची उंची मोजा. आठही आकडे ५.२५ च्या अवतीभवती आले तर बैठक सपाट आहे. एका बाजूला ५.६ आणि समोर ५.२ आले तर रिंगच्या दुकानात जाण्याआधी मशीनवाल्याकडे परत जा.

पायरी ४: रबर कोणतं

नायट्राइल रबर, ७० शोअर. शोअर हे रबराच्या कडकपणाचं माप. बहुतेकांना एवढंच उत्तर पुरे.

खोल जायचं म्हणून ९० शोअरचं कडक रबर घेणारे मी पाहिलेत. कडक रबर लागतं ते जिथे शंभर बारच्या वर दाब असतो आणि रबर फटीत घुसून कुरतडलं जायची भीती असते. ७५ मीटरवर दाब साडेसात बार. इथे कडक रबर घेतलं तर तोटाच आहे. ते दाबायला जास्त जोर लागतो आणि उथळ पाण्यात, जिथे जोर नाही तिथेच, ते बैठकीच्या खाचखळग्यांत शिरत नाही. ६० शोअरची रिंग मिळाली तर मी आनंदाने घेईन, पण मोठ्या मापात ती सहसा मागणी देऊन करून घ्यावी लागते.

व्हायटॉन जातीचं रबर महाग आहे म्हणून चांगलं असेल, ही दुसरी चूक. व्हायटॉन तेल आणि उष्णता सोसतं. थंडीत मात्र ते सुस्त होतं, दाब काढला की लवकर मूळ आकारात येत नाही. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान कोसळलं, तेव्हा त्याच्या रॉकेटच्या जोडातल्या ओ-रिंगा याच जातीच्या रबराच्या होत्या आणि सकाळ गोठवणारी होती. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी चौकशीच्या वेळी रिंगचा तुकडा क्लॅम्पमध्ये दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि तो उलगडत नाही हे सगळ्यांसमोर दाखवलं. मिशिगनच्या तलावांच्या तळाशी पाणी ४ अंशांवर असतं. मालवणच्या कोमट समुद्रात हा प्रश्न येणार नाही, पण तिथे तरी व्हायटॉनचे पैसे कशासाठी मोजायचे?

ईपीडीएम जातीचं रबर ऊन आणि ओझोन छान सोसतं, नायट्राइल त्यात कमी पडतं. पण ईपीडीएमला खनिज तेल लागलं की ते फुगतं, आणि वर्कशॉपमध्ये तेलाचा हात कुठे ना कुठे लागतोच. सिलिकॉनची रिंग मऊ आणि मोहक असते, पण चटकन फाटते. हॅचला येता-जाता बक्कल घासतं, तिथे ती टिकणार नाही.

ग्रीस सिलिकॉनचं लावा, नायट्राइलला ते चालतं. सिलिकॉनच्या रिंगला सिलिकॉन ग्रीस मात्र नको, ती फुगते. आणि ग्रीस किती? रिंग ओली दिसावी, पांढरी दिसू नये. थापलेलं ग्रीस गळती थांबवत नाही. त्यात वाळू चिकटते.

विकत घेताना पुडीवर रबर शिजवल्याची तारीख असते ती पाहा. खिळ्याला टांगून ठेवलेली रिंग घेऊ नका, खिळ्याच्या जागी ती बसलेली असते. घरी आणल्यावर सपाट, अंधारात, विजेच्या मोटारीपासून दूर ठेवा. मोटारीच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो आणि तो ताणलेल्या नायट्राइलला बारीक तडे पाडतो.

पायरी ५: क्लॅम्पला किती जोर हवा

रिंगचा १० सेंटिमीटरचा तुकडा कापा. बाथरूममधला वजनकाटा ड्रिल मशीनखाली ठेवा, त्यावर दोन सपाट पट्ट्यांमध्ये तुकडा, आणि ड्रिलचा दांडा खाली ओढून तो पाव हिस्सा दाबा. आमच्या तुकड्याला जवळपास ५० किलो लागले. पूर्ण रिंग १७२ सेंटिमीटर लांब, म्हणजे सगळी मिळून ८६० किलो. आता भिंतीवरचा २४० चा आकडा आठवा. पाणी एकटं हॅच पूर्ण मिटवतं ते साडेतीन मीटरच्या पुढे. त्याच्या वर सगळी भिस्त क्लॅम्पवर.

घाबरू नका, पृष्ठभागावर रिंग पूर्ण दाबायची गरज नसते. निम्मी दाबायला निम्मा जोर नाही, साधारण तिसरा हिस्साच लागतो, म्हणजे २८०-२९० किलो. चार कोपऱ्यांना चार क्लॅम्प, प्रत्येकी ७०-७५ किलो. हाताच्या स्क्रूला हे जड नाही. झाकण धातूपासून सुमारे ०.९ मिलिमीटर वर तरंगत राहील आणि खाली जाताना पाणी ते टेकवेल. तेव्हा क्लॅम्प सैल पडतात. खाली असताना ते पुन्हा आवळायचे नाहीत! आवळले तर वर येताना रिंगचे पूर्ण ८६० किलो त्यांच्यावर येतात, आणि हॅच उघडायला कुणी वाकलं की हात सटकतो.

क्लॅम्प आतून आणि बाहेरून दोन्हीकडून सुटले पाहिजेत. २०२३ च्या जूनमध्ये टायटॅनिकचे अवशेष पाहायला निघालेली टायटन पाणबुडी नष्ट झाली ती तिच्या कवचामुळे, हॅचमुळे नाही. पण तिचं तोंड बाहेरून १७ बोल्ट आवळून बंद केलेलं असायचं, आतल्या पाच जणांना ते उघडणं शक्य नव्हतं. असं काही बांधू नका. बाहेरच्या बचावपथकाला चावी शोधावी लागू नये आणि आतल्या माणसाला परवानगी मागावी लागू नये.

पायरी ६: बिजागरी

आमची पहिली बुडी धक्क्याला बांधून, कमरेइतक्या पाण्यात. बिजागरीच्या बाजूने थेंब, मग धार. तीन मीटरवर नेलं तर सगळं कोरडं. वर आणलं, परत धार. रिंग बदलली. पुन्हा तेच. तिसरी रिंग घालून झाल्यावर मित्राने बिजागरीची पिन काढली आणि झाकण नुसतं वर ठेवलं. एक थेंब नाही.

घट्ट बिजागरी झाकणाला आधी आपल्या बाजूने टेकवते, तिथली रिंग चिमटते, आणि झाकण तिरकं राहतं. दाराच्या बिजागरीत बोट सापडतं तसं. उपाय सोपा: पिनचं भोक लांबट करा, दोन-तीन मिलिमीटर वरखाली खेळ ठेवा. बिजागरीने झाकण फक्त उचलायचं, बसवायचं नाही. तीन रिंगा आणि दोन शनिवार गेले तेव्हा हे कळलं. तुम्ही ड्रॉइंगवरच ते लांबट भोक काढा.

पायरी ७: कोरडी चाचणी

पाण्यात नेण्याआधी आत कुणालाही न बसवता हॅच लावा आणि कवचातून थोडी हवा ओढून घ्या. घरातला चांगला व्हॅक्यूम क्लीनर पुरतो. किती ओढली ते कळायला गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी घ्या, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून तिच्यात रंगीत पाणी भरा आणि एक टोक कवचाच्या वाल्व्हला जोडा. नळीत एक मीटरचा फरक आला म्हणजे १०० मिलिबार, म्हणजेच एक मीटर पाण्याखाली गेल्याइतका दाब. नेमका तोच, जिथे हॅच गळते. वाल्व्ह बंद करून अर्धा तास थांबा.

सावलीत आणि पहाटे करा. आतली हवा एक अंशाने तापली तर दाब तीन मिलिबारच्या आसपास हलतो, म्हणजे नळीत तीन सेंटिमीटर, आणि तुम्हाला वाटेल गळती आहे. तापमान नोंदवून वजाबाकी केल्यावर अर्ध्या तासात दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर मी पुढे जात नाही. गळती कुठे आहे ते अगरबत्ती दाखवते. बैठकीभोवती हळूहळू फिरवा, धूर जिथे आत ओढला जाईल ती जागा. याच चाचणीत खिडक्या आणि वायरींचे गळेही तपासून होतात.

हवा परत सोडल्याशिवाय झाकण उचलू नका. १०० मिलिबारला त्याच्यावर २४० किलो आहेत. उलट परिस्थिती जास्त वाईट. बुडीच्या वेळी टाकीतली हवा आत गळून केबिनमधला दाब वाढला असेल तर क्लॅम्प सोडताच तेवढ्याच जोराने झाकण वर उसळतं. म्हणून हॅचजवळ एक छोटा वाल्व्ह हवा, आतून बाहेरून चालणारा, आणि तो आधी उघडायची सवय.

पायरी ८: ओली चाचणी

पुन्हा माणसाशिवाय. आत वजन ठेवून, क्रेनच्या दोराला बांधून, आधी अर्धा मीटर, मग एक, दोन, पाच. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. त्यानंतर ठरवलेल्या खोलीच्या सव्वापट. बैठकीच्या आतल्या अंगाला आधी सुक्या खडूने गोल रेघ ओढून ठेवा. पाणी आलं असेल तर रेघ तिथे पुसलेली दिसते, मग टॉर्च घेऊन अंदाज बांधत बसावं लागत नाही.

पृष्ठभागावरच्या धोक्याला रिंगचं उत्तर नाही, हेही इथेच सांगतो. १६ ऑक्टोबर १९६८ ला अमेरिकेची ॲल्विन पाण्यात सोडताना तिच्या पाळण्याचे दोर तुटले. हॅच उघडी होती. आतले तिघे कसेबसे बाहेर पडले आणि पाणबुडी १,५०० मीटर खाली गेली. १९७३ मध्ये आयर्लंडजवळ पायसीस ३ ही पाणबुडी वर आणताना ओढायच्या दोरात अडकून तिच्या मागच्या यंत्रगोलाचं झाकण निखळलं, गोल पाण्याने भरला, आणि ती ४८० मीटरवर तळाला टेकली. आतले दोघे, रॉजर मॅलिन्सन आणि रॉजर चॅपमन, ७६ तासांनी जिवंत वर आले. तेव्हा गळा पाण्याच्या रेषेवर पुरेसा उंच ठेवा आणि झाकणावर दोर अडकेल असं एकही हँडल ठेवू नका. आमच्या झाकणाचं बाहेरचं चाक आम्ही याच कारणाने खोलगट वाटीत बसवलं.

रोजचं काम

प्रत्येक बुडीआधी रिंगवरून आणि बैठकीवरून उघडं बोट फिरवा, पूर्ण वर्तुळ. फडक्याचा धागा किंवा डोक्याचा केस बोटाला लागतो, डोळ्याला दिसत नाही, आणि एक केस थेंब सोडायला पुरतो. मग पुसा, ग्रीसचं बोट फिरवा, मिटवा.

हिवाळाभर पाणबुडी उभी राहणार असेल तर क्लॅम्प सोडून ठेवा. दाबून ठेवलेली रिंग चपटी होते आणि तशीच राहते. दर हंगामाला रिंग काढून आठ ठिकाणी जाडी मोजा. ६.९९ ची रिंग कुठेही ६.५५ च्या खाली गेली की मी ती कापून टाकतो. कापून, कारण नुसती बाजूला ठेवलेली जुनी रिंग घाईच्या दिवशी कुणीतरी परत बसवतं. नव्या दोन रिंगा, ग्रीसची ट्यूब, लाकडी काडी आणि स्वच्छ सुती फडकं एका बंद डब्यात धक्क्यावर असतात. रिंग काढायला स्क्रू ड्रायव्हर त्या डब्यात ठेवायचा नाही, त्याने खाचेत ओरखडा पडतो.